दहा राग आणि एक यंत्र

एखाद्या कलाप्रकाराचा उगम कोठे झाला हा प्रश्न विद्वानांस नेहमीच प्रिय असतो. आणि तो उगम आपल्याच अंगणात सापडल्याचे कोणी सांगितले, म्हणजे तो सामान्य सुशिक्षितांसही तितकाच प्रिय होतो. गेल्या पंधरा वर्षांत असे भाग्य एका ध्वनिमुद्रिकेस लाभले आहे. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली केलेली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ती मुद्रिका होय. पाश्चात्त्य देशांत ‘ॲसिड हाउस’ या नावाने जे नृत्यसंगीत १९८७ नंतर गाजले, ते त्यापूर्वी पाच वर्षे मुंबईत जन्मास आले होते, असा तिच्याविषयीचा दावा आहे. या दाव्यात तथ्य किती, हा एक प्रश्न. आणि दावा बाजूस ठेवला तर मुद्रिकेची स्वतःची योग्यता काय, हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे पहिल्याचे उत्तर घाईने दिले जाते व दुसरा सहसा कोणी विचारीतच नाही. प्रस्तुत लेखात दोहोंचा स्वतंत्रपणे विचार करावयाचा आहे.

ज्या वाचकांचा या जातीच्या संगीताशी संबंध मिरवणुकीतील ‘डीजे’च्या भिंतीपुरताच आला असेल, त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप प्रथम सांगणे अवश्य आहे. या संगीताचा पाया म्हणजे चार सारख्या वजनाचे ठोके. मिनिटास सुमारे १२० या गतीने ते अखंड पडत राहतात. तालाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे सम आहे, पण खाली नाही. या ठोक्यांवर खर्जातील एक लहानशी स्वरपंक्ती पुनःपुन्हा फिरत असते. तीत चालीचा विस्तार शोधणारा श्रोता निराश होतो, कारण तेथे स्वर बदलत नाहीत. बदलतो तो स्वरांचा रंग. एकाच स्वरावर गळा स्थिर ठेवून ‘ऊ’ पासून ‘आ’ पर्यंत हळूहळू तोंड उघडीत जावे, म्हणजे स्वर तोच राहूनही ध्वनी मिटलेला व उघडलेला असा कसा भासतो, हे कोणासही घरबसल्या कळेल. ॲसिड हाउसमधील खर्जाचा आवाज असाच मिटतो, उघडतो, कधी किंकाळीसारखा टोकदार होतो व पुन्हा विझत जातो. सारे नाट्य या उघडझापीत असते.

हा आवाज ज्या यंत्राचा, ते जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेले ‘टीबी-३०३’. एकट्या गिटारवादकास खर्जाच्या साथीदाराची उणीव भासू नये, एवढाच त्याचा मूळ उद्देश होता. तो मात्र साधला नाही. यंत्राचा आवाज खऱ्या वाद्यासारखा नव्हता, त्यात स्वर भरण्याची रीत किचकट होती, आणि १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन बंदही पडले. परंतु त्यात दोन गुण होते. एक, वर वर्णिलेली आवाजाची उघडझाप नॉब फिरवून हवी तशी करता येत असे. आणि दुसरा, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याची सोय त्यात होती. ज्या कामासाठी यंत्र घडले त्यात ते नापास झाले, आणि जे काम त्याच्या कर्त्याच्या स्वप्नातही नव्हते त्यात ते अजोड ठरले.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातील एक कसलेले वादक. गिटार, ट्रान्सिकॉर्ड, सिंथेसायझर अशी नवनवी वाद्ये हाताळणारा, आणि पडद्यावर वा तबकडीवर ज्याचे नाव क्वचितच झळके, असा जो वादकवर्ग मुंबईच्या स्टुडिओंत होता, त्यांपैकी ते एक. १९८० साली ‘कुर्बानी’ आणि १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ हे चित्रपट आले. डिस्कोचा ठेका त्या काळी घरोघर पोचला होता. चरणजितांनी तोच ठेका घेतला, तबला दूर केला, ‘टीआर-८०८’ या तालयंत्रावर ठोके बसविले, ‘टीबी-३०३’ वर खर्जाची आवर्तने रचली, आणि ‘ज्युपिटर-८’ या सिंथेसायझरवर स्वतः राग वाजविले. ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी अशी त्यांतील काही नावे आहेत. एकूण राग दहा, आणि प्रत्येक सुमारे पाच मिनिटांचा. मुद्रिका खपली नाही व विस्मृतीत गेली. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकास तिची एक प्रत दिल्लीत मिळाली आणि २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली. तेव्हा कित्येकांस ती कोणा आधुनिक खोडकराने रचलेली बनावट वस्तू वाटली. इतके तिचे १९८२ हे साल अविश्वसनीय होते.

आता मुद्रिकेच्या गुणदोषांकडे वळू. तिचा पहिला गुण असा की, रागसंगीत व नृत्ययंत्र यांत एक खरे साम्य आहे हे तिने ओळखले. आपल्या संगीतात स्वरांची सारी ये-जा एका अचल षड्जाच्या सान्निध्यात होते. पाश्चात्त्य संगीताप्रमाणे पायाखालची जमीन घडोघडी बदलत नाही. यंत्राचे न थांबणारे आवर्तनही असेच एका जागी उभे असते. त्यामुळे येथे राग यंत्रावर उपरा वाटत नाही. तंबोऱ्याचे काम जणू खर्जाने पत्करले आहे. दुसरा गुण स्वर घसरविण्याचा. बाजाच्या पेटीत मींड नाही, हा तिच्यावरील आक्षेप जुनाच आहे, आणि इतर आक्षेपांबरोबर त्याचाही आधार घेऊन आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी वर्ज्य केली होती. ज्या यंत्राच्या कर्त्यांस मींड हा शब्दही ठाऊक नसावा, त्याने पेटीस जे साधले नाही त्याचा निदान आभास तरी उत्पन्न करावा, ही मौजेची गोष्ट आहे.

परंतु आभास तो आभासच. यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर ठरलेल्या वेळात घसरते; गवई वाटेत रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यातच राग असतो. शिवाय यंत्राचे बारा स्वर समान अंतरावर खिळलेले. तोडीचा गांधार पट्टीवरील कोमल गांधाराहून उतरता लावतात, हे कानसेनास सांगावयास नको. तो येथे मिळणे शक्य नाही. भूपाळी व देसकार यांचे स्वर तेच पाच. भेद आहे तो गांधारावर भर की धैवतावर, आणि विस्तार पूर्वांगात की उत्तरांगात, एवढाच. ठाशीव आवर्तनात हा भेद पातळ होतो. सर्वांत मोठी हानी मात्र काळाची आहे. पहाटेच्या ललतास व मध्यरात्रीच्या मालकंसास येथे एकच ठेका आणि एकच घाई. अब्दुल करीम खाँ यांच्या किराणा घराण्याने एकेका स्वराची बढत करण्यास जो अवकाश दिला, त्याचा येथे मागमूस नाही. तेव्हा या मुद्रिकेत दहा राग आहेत असे म्हणण्यापेक्षा दहा रागांच्या स्वरपंक्ती आहेत, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. त्यातही मालकंस, कलावती यांसारखे मोजक्या स्वरांचे राग यंत्रास मानवतात; ललतासारखा, दोन मध्यमांच्या नाजूक सान्निध्यावर उभा असलेला राग कोमेजतो. तरीही ही दहा चित्रे कंटाळवाणी होत नाहीत, कारण वादकाच्या बोटांत राग मुरलेला आहे. ठेका निर्जीव असला तरी त्यावरून धावणारा हात सजीव आहे.

आता पहिला प्रश्न. ही मुद्रिका ॲसिड हाउसचा उगम आहे काय? आमच्या मते नाही. शिकागो शहरातील ‘फ्यूचर’ या तिघा तरुणांच्या मंडळींनी १९८७ साली ‘ॲसिड ट्रॅक्स’ प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे मुंबईची मुद्रिका होती असे मानण्यास कोणताही आधार नाही. त्यांनी यंत्र जुन्या बाजारातून घेतले, ते कसे चालवावे हे नीटसे न कळल्यामुळे नॉब फिरवून पाहिले, आणि जो आवाज निघाला तोच ठेवला. चरणजितांनी यंत्रास राग शिकविला. शिकागोच्या तरुणांनी यंत्र स्वतः काय बोलते ते ऐकून घेतले. पाच मिनिटांचा आटोपशीर राग एकीकडे, अकरा-बारा मिनिटे एकाच आवर्तनाची उघडझाप दुसरीकडे. साधन एक, पण हेतू सर्वस्वी भिन्न.

आमच्या जिल्ह्यास जिने नाव दिले ती वर्धा नदी सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते, आणि तापीही मुलताईचीच. एकाच डोंगरात शेजारी निघालेल्या या दोघींपैकी एक पश्चिमेस अरबी समुद्र गाठते; दुसरी वैनगंगेस मिळून प्राणहिता होते व गोदावरीवाटे पूर्वसमुद्रास जाते. तापी ही वर्धेची आई, असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. ‘टीबी-३०३’ हे असे एक मुलताई आहे. मुंबईचा प्रवाह तेथून आधी निघाला हे खरे. पण शिकागोचा प्रवाह त्यातून फुटलेला नाही.

आणि मुंबईचा प्रवाह वाळूत जिरला, हेही तितकेच खरे. याचे कारण पाहू गेल्यास उगम या शब्दाचा अर्थच निराळा दिसू लागतो. १९७९ साली शिकागोच्या एका क्रीडांगणावर डिस्कोच्या तबकड्या भर गर्दीत स्फोट करून उडवून देण्यात आल्या. त्याच शहरात, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि प्रतिष्ठितांनी दूर ठेवलेल्या तरुणांनी ‘वेअरहाउस’सारख्या नृत्यगृहांत डिस्कोचा ठेका जिवंत ठेवला, ‘हाउस’ हे नाव त्याच गृहावरून पडले. ‘ॲसिड ट्रॅक्स’ तबकडीवर येण्यापूर्वीच रॉन हार्डी या वादकाने ते आपल्या नृत्यगृहात पुनःपुन्हा वाजवून नर्तकांच्या अंगवळणी पाडले होते. म्हणजे संगीत जन्मले तेव्हा त्याची सभा तयार होती. आमच्या विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी ऐकली, किंवा एखाद्या खेड्यातील भजनाचा शेवटचा गजर ज्यांनी अनुभवला, त्यांस पुनरावृत्तीचे हे सामर्थ्य समजावून सांगण्याची गरज नाही. दोन शब्दांचे नाम शंभर वेळा उच्चारले म्हणजे त्याचा अर्थ वाढत नाही. वाढतो तो म्हणणारांचा एकोपा. गजराची लय चढत जाते व हाउसची स्थिर राहते, हा भेद आहेच, आणि एकात ईश्वर आहे व दुसऱ्यात नाही, हा त्याहून मोठा. तथापि दोहोंतही पुनरावृत्तीस अर्थ देते ती मंडळी. चरणजितांच्या मुद्रिकेस अशी मंडळी मिळाली नाही.

याच्या उलट उदाहरण गोव्याचे. १९९० च्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी प्रवाशांच्या रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळ्यांतून जे संगीत आकारास आले, त्यातही याच यंत्राचा पिळदार आवाज होता. त्यास ‘गोवा ट्रान्स’ हे नाव पडले व जगभर झाले. त्याचे रचनाकार बहुतांशी इंग्लंड, जर्मनी, इस्रायल येथील. गोव्याच्या मांडोचा वा धालोचा त्यात अंश शोधावा लागेल. गोव्याच्या भूमीचे नाव घेऊन परकीयांचे संगीत जगले, आणि आपल्या रागांची नावे धारण करणारे आपल्या वादकाचे संगीत त्याच आपल्या देशात अठ्ठावीस वर्षे पडून राहिले. याचा दोष जगाकडे नाही. शास्त्रीय संगीताच्या समीक्षकांस ही मुद्रिका चित्रपटवाल्याचा खेळ वाटली असणार. चित्रपटाच्या श्रोत्यास तीत गाणे नव्हते. आणि या दोहोंच्या मधल्या जागेसाठी आपल्या टीकाशास्त्रात शब्दच नव्हता. ज्या वस्तूस नाव नाही ती आपण ऐकत नाही.

म्हणून ‘प्रथम कोण?’ या वादात आपला जय झाला, तरी तो आपल्यास भूषणावह ठरणार नाही. प्रथम असूनही आपण ओळखले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होईल. चरणजितांनी वार्धक्यात युरोपातील तरुणांपुढे हेच राग पुन्हा वाजविले; २०१५ साली ते निवर्तले. आज यंत्रसंगीताविषयी आपल्या सुशिक्षित घरांतून ‘नुसता गोंगाट’ हा एकच शेरा ऐकू येतो. मिरवणुकीतील भिंतींविषयी तो रास्त असेलही. तेथे तक्रार आवाजाच्या मापाविषयी आहे, संगीताविषयी नव्हे, आणि तिचा निकाल कायद्याने लावावा. परंतु घरातील मुलगा कानांत यंत्र घालून जे ऐकतो त्यावर तोच शेरा मारण्यापूर्वी त्यातील ठेका, खर्ज व रंग हे तीन पदार्थ वेगळे करून ऐकण्याचे श्रम आपण घेतले पाहिजेत. त्यातील पुष्कळसे टाकाऊच निघेल, जसे प्रत्येक काळातील पुष्कळसे संगीत टाकाऊ निघते. पण १९८२ साली हे श्रम घेणारे दहा-वीस कान जरी मुंबईत असते, तरी दुसरा कोणी वादक तोडीचा उतरता गांधार त्या यंत्रातून काढण्याच्या मागे लागला असता. आणि मग उगमाचा वाद घालण्याची गरजच उरली नसती.