‘क्षपण’ ही संज्ञा आणि भट्टीचे प्रतिरूप

शिरोली औद्योगिक वसाहतीतील ओतशाळांत बीड वितळविण्यासाठी ज्या इंडक्शन भट्ट्या वापरल्या जातात, त्यांचे अस्तर बहुधा सिलिकेचे असते. हे अस्तर आणि त्यातील रस यांचा परस्परव्यवहार रासायनिक प्रतिरूपणाच्या आज्ञावल्यांची खरी कसोटी पाहणारा आहे. तापमान बेताचे असता रसातील सिलिकॉन स्वतः ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बनचे रक्षण करतो. तोच रस १४५० अंश सेल्सिअसच्या वर फार वेळ धरून ठेवला, तर कार्बन उलट अस्तरातील सिलिकेचा ऑक्सिजन हिरावून घेतो. कार्बन मोनॉक्साइड उडून जातो आणि बीडात सिलिकॉनची भर पडते. अशा रसाच्या ओतिवाच्या कडा पांढऱ्या व कठीण होऊ लागतात आणि कातकामास दाद देत नाहीत.

आज्ञावली हे वळण कसे ओळखते? डीडब्ल्यूसिमसारख्या सर्वसाधारण आज्ञावलीत समतोल काढताना मूलद्रव्यांचा जमाखर्च जुळवून गिब्ज ऊर्जा किमान केली जाते. इलेक्ट्रॉन कोणी दिला व कोणी घेतला, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. हा दोष मानण्याचे कारण नाही. समतोलासाठी त्याची गरज नसते. खरा दोष वापरणाऱ्याच्या हातून घडतो. सिलिकॉन व कार्बन ही लोहात विरघळलेली द्रव्ये न मानता शुद्ध मानली, की वळणाचे तापमान सुमारे दोनशे अंशांनी वर सरकते आणि आज्ञावली निर्धास्तपणे अस्तर सुरक्षित असल्याचा निर्वाळा देते! शिवाय समतोल गाठण्यास किती वेळ लागेल, याविषयी ती मौनच पाळते.

येथे परिभाषेचा विचार अप्रस्तुत ठरू नये. ‘ऑक्सिडीकरण’ या शब्दात परकी प्रकृतीला संस्कृतातील ‘च्वि’ प्रत्ययाची जोड आहे. जे तसे नव्हते ते तसे होणे, हा त्या प्रत्ययाचा पाणिनीय अर्थ येथे चपखल बसतो. मात्र तो ऑक्साइड बनण्यापुरताच, कारण फेरस आयनाचा फेरिक होताना ऑक्साइड कोठेच नसतो. ‘क्षपण’ म्हणजे क्षीण करणे. इंग्रजीतील प्रतिशब्दाचे लॅटिन मूळ ‘मागे नेणे’ असे सांगते, म्हणजे खनिजाला धातूकडे परत नेणे. मराठी शब्दाने ही दिशा गमावली व घट तेवढी राखली. पण घट कशाची? इलेक्ट्रॉन तर वाढतात, उणावतो तो ऑक्सिडीकरणांक. हिंदीतील ‘उपचयन-अपचयन’ ही जोडी दिसावयास डौलदार आहे. तथापि मराठीत ‘अपचय’ जीवशास्त्राने आधीच अडवून ठेवला आहे, आणि केवळ उपसर्गाने भिन्न असलेले शब्द परीक्षेच्या घाईत उलटसुलट होतात. म्हणून ‘क्षपण’ टाकून देणे इष्ट नाही.

त्याच्या प्रयोगात मात्र कर्ता गाळू नये. ‘सिलिकेचे क्षपण झाले’ हे भावे वळणाचे वाक्य आज्ञावलीच्या निष्पत्तिपत्रकासारखे आहे: आरंभीचे आकडे, शेवटचे आकडे, मधला कारक लुप्त. ‘कार्बनने सिलिकेचे क्षपण केले’ असे म्हणताच कार्बनचे ऑक्सिडीकरणही त्याच क्रियेत घडले, हे ओघाने येते. आणि अस्तरातून बीडात २८ भार सिलिकॉन आला की २४ भार कार्बन गेला, हा हिशेब विद्यार्थ्याला पत्रकाशिवायही मांडता येतो.