ठाकूर रडतो तेव्हा

‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 ला लागला तो आणीबाणीत, आणि बदललेल्या शेवटासह. माजी पोलीस अधिकारी असलेला ठाकूर कायदा हातात घेतो, हे सेन्सॉरला चालणार नव्हतं. रमेश सिप्पींनी शेवट पुन्हा चित्रित केला: डाकू गब्बर आता मरणार, तेवढ्यात पोलीस हजर. ठाकूरला कायद्याची आठवण करून दिली जाते आणि उगारलेला पाय खाली येतो. हे पोलीस कितीजणांना पटले असतील, देव जाणे.

फिल्म हेरिटेज फाउंडेशनने नव्याने सिद्ध केलेली प्रत 2025 मध्ये इटलीतल्या बोलोन्याला दाखवली गेली, नंतर आपल्याकडेही लागली. तिच्यात मूळ शेवट परतला. इथे ठाकूर गब्बरला मारतो आणि मग ढसाढसा रडतो. संजीवकुमारने सिनेमाभर आवळून धरलेला चेहरा इथे सुटतो. सूड पुरा झाला. गेलेलं कुणी परत आलं नाही, आणि डोळे पुसायला हात नाहीत. पोलिसांच्या शेवटात ठाकूरला मोठेपणा मिळतो, पण हे रडणं जातं. माझ्या लेखी तो सौदा तोट्याचा.

अनेक नायकांच्या सिनेमात कात्री चालली की पहिला बळी जातो तो कमी बोलणाऱ्याचा. ‘जस्टिस लीग’ या हॉलिवूडच्या सुपरहिरोपटाचं हेच झालं. 2017 च्या दोन तासांत अर्धा माणूस, अर्धा यंत्र असलेला सायबॉर्ग नुसता यंत्रं हाताळणारा गडी होता. दिग्दर्शक झॅक स्नायडरच्या 2021 च्या चार तासांच्या आवृत्तीत अपघात, बापाशी अबोला, परकं वाटणारं शरीर हे सगळं आलं आणि सिनेमाचा जीवच त्याच्यात सापडला. मोडलेल्या देहाचा माणूस दोन्हीकडे मधोमध आहे, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. (स्नायडरचा रेंगाळता स्लो मोशन मात्र पुष्कळ कमी करता आला असता.)

कात्री दरवेळी वैरीण नसते. ‘शोले’त सचिनने रंगवलेल्या अहमदची हत्या चित्रित झाली होती. 1975 च्या पडद्यावर ती नव्हती. गब्बर हातावरची मुंगी न्याहाळतो, चिरडतो, आणि पुढे घोड्यावरून प्रेतच गावात येतं. त्या मुंगीएवढा क्रूर गब्बर दुसऱ्या कुठल्याच प्रसंगात नाही.