अव्यक्त ज्ञानाचे शब्दांकन : एका सिद्धान्ताची चिकित्सा

उद्योगसंस्थेतील ज्ञानाची जोपासना आणि वाटणी हा विषय सामान्यतः व्यवस्थापनशास्त्राचा मानला जातो. परंतु त्याच्या मुळाशी भाषेचाच एक प्रश्न आहे. अनुभवी कामगार निवृत्त होतो तेव्हा त्याच्याबरोबर नेमके काय जाते, आणि जे जाते त्यापैकी किती शब्दांच्या रूपाने मागे ठेवता येते, हा तो प्रश्न होय. इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांच्या ‘द नॉलेज-क्रिएटिंग कंपनी’ (१९९५) या ग्रंथाने त्याला जे उत्तर दिले, त्याचा प्रभाव फार मोठा आहे. म्हणूनच ते तपासून घेणे अगत्याचे ठरते.

ग्रंथाची मांडणी थोडक्यात अशी : ज्ञान अव्यक्त असते अथवा व्यक्त असते, आणि संस्थेत ते चार प्रकारे रूपांतर पावते. सहवासाने अव्यक्तातून अव्यक्त, प्रकटीकरणाने अव्यक्तातून व्यक्त, संयोजनाने व्यक्तातून व्यक्त आणि आत्मसात करण्याने व्यक्तातून पुन्हा अव्यक्त. या चक्रात प्रकटीकरणाला लेखक सर्वाधिक महत्त्व देतात, आणि रूपक हे त्याचे प्रमुख साधन मानतात. व्यवस्थापनाच्या ग्रंथात रूपकाला मिळालेले हे मानाचे स्थान भाषेच्या अभ्यासकास सुखावणारे आहे, यात संशय नाही.

तथापि ग्रंथातील गाजलेले उदाहरणच सिद्धान्ताला अपुरे पडते. मात्सुशिता कंपनीस घरच्या घरी पाव भाजणारे यंत्र तयार करावयाचे होते. पीठ नीट मळले जाईना, तेव्हा कंपनीतील एक महिला तंत्रज्ञ आणि काही अभियंते ओसाका येथील एका हॉटेलातील पाववाल्या उस्तादाच्या हाताखाली शिकले. उस्ताद पीठ ताणताना ते पिळतही असे, हे त्या महिलेच्या ध्यानात आले. ‘पिळून ताणणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग त्यातून रूढ झाला, यंत्रात त्यानुसार फेरफार झाले आणि १९८७ मध्ये यंत्र बाजारात आले. लेखकांच्या मते येथे अव्यक्ताचे व्यक्तात रूपांतर झाले. परंतु हा शब्दप्रयोग ऐकणाऱ्या अभियंत्यांनी स्वतः पीठ हाताळले होते, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. त्यांना तो शब्द पुरेसा वाटला, याचे कारण शब्दाने सर्व काही सांगितले हे नव्हे. जे हाताला ठाऊक झाले होते त्याकडे शब्दाने बोट दाखविले, हे होय. पिठाला कधीही हात न लावलेल्या वाचकास तेच दोन शब्द जवळजवळ मुके आहेत.

अव्यक्त ज्ञानाची कल्पना ज्यांच्याकडून घेतली, त्या मायकेल पोलान्यी यांचे ‘पर्सनल नॉलेज’ (१९५८) व ‘द टॅसिट डायमेन्शन’ (१९६६) हे ग्रंथ पाहता हा दोष अधिक स्पष्ट होतो. पोलान्यींच्या दृष्टीने अव्यक्त ज्ञान म्हणजे अद्याप शब्दबद्ध न झालेल्या माहितीचा साठा नव्हे. प्रत्येक व्यक्त ज्ञानाला आधार देणारे ते अंग आहे. शब्द समजणे हीदेखील अव्यक्तावर विसंबलेलीच क्रिया होय. हरिदिमोस त्सूकास प्रभृती टीकाकारांनी रूपांतराच्या कल्पनेवर घेतलेला आक्षेप याच स्वरूपाचा आहे. मराठीत कसब साधले म्हणजे ‘हात बसला’ असे म्हणतात. या प्रयोगात कर्ता हात आहे आणि क्रियापद अकर्मक आहे. येथे कोणी कोणाला काही दिले वा घेतले असे सूचित होत नाही. ‘रूपांतर’ आणि ‘हस्तांतरण’ हे शब्द मात्र ज्ञानाला वस्तू बनवितात आणि वस्तूला लागणारे सर्व प्रश्न, मालकीचा प्रश्नही, नकळत मागे ओढून आणतात.

या संदर्भात ज्युलियन ऑर यांचा ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ (१९९६) हा ग्रंथ अधिक सूक्ष्म वाटतो. झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कामगारांमध्ये वावरून ऑर यांनी असे दाखविले की, कंपनीची मार्गदर्शिका क्रमवार आज्ञा देत असे. पण आडमुठे यंत्र ताळ्यावर येई ते कामगारांनी एकमेकांस सांगितलेल्या हकीकतींच्या बळावर. हकीकतीत बिघाड असतो, गिऱ्हाईक असते, फसलेले प्रयत्न असतात. आणि ऐकणारा मध्येच प्रश्न विचारू शकतो. आज्ञेच्या भाषेतून नेमके हेच गळते.

तर मग लेखन व्यर्थ आहे काय? तसे म्हणता येणार नाही. त्याच कंपनीत १९९० नंतरच्या दशकात ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. कामगारांनी आपल्या क्लृप्त्या लिहावयाच्या, सहकाऱ्यांनी त्या पारखावयाच्या आणि मान्य झालेली क्लृप्ती कर्त्याच्या नावासह सर्वांना उपलब्ध व्हावयाची, अशी तिची रीत होती. येथे लिहिणारा, पारखणारा आणि वाचणारा हे एकाच व्यवसायाचे, म्हणून एकाच बोलीचे होते. त्रोटक नोंदही त्यांना पुरत असे, कारण उरलेले त्यांच्या हातात होते. शिवाय ज्ञान कोणाचे, हे नोंदीवरच लिहिलेले असे.

नोनाका व ताकेउची यांनी कामगाराच्या कसबाला ज्ञानाची प्रतिष्ठा मिळवून दिली, हे त्यांचे कार्य लहान नाही. परंतु त्यांच्या चक्राचा सोयीस्कर अर्थ असा लावला जातो की, एकदा शब्दांकन झाले म्हणजे ज्ञान संस्थेचे झाले आणि माणूस अनावश्यक ठरला. या अर्थाला त्यांच्याच पाववाल्याचे उदाहरण साक्ष देत नाही. त्या उस्तादाजवळ शिकाऊ म्हणून कोणी उभे राहिले नसते, तर तो शब्दप्रयोग जन्मालाच आला नसता. निवृत्त होणाऱ्या कामगाराकडून घाईने वह्या भरून घेणाऱ्या संस्थेने म्हणूनच प्रथम हे पाहिले पाहिजे की, त्या वह्या वाचू शकेल असा हात त्याच्या शेजारी वेळेवर बसविला होता काय.