दाभोळचा वीजखरेदी करार : एक पुनर्विचार

कागल तालुक्यातील साखर कारखान्यांत गळिताच्या हंगामात चिपाडे जाळून वाफ तयार केली जाते. ही वाफ प्रथम टर्बाइन फिरवते व नंतर रस आटविण्याच्या कामी येते. एका इंधनाची उष्णता दोनदा उपयोगात आणण्याचे हे तत्त्व ह्या भागातील विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाचे आहे. संयुक्त-चक्र वीजकेंद्र ह्याच कुळातील होय. फरक एवढाच की, तेथे दुसरा उपयोगही विजेसाठीच होतो. नैसर्गिक वायू अथवा नाफ्था जाळून गॅस टर्बाइन फिरविली जाते आणि तिच्यातून पाचशे अंशांहून अधिक तापमानाने बाहेर पडणाऱ्या वायूंवर पाणी तापवून वाफेची टर्बाइन चालविली जाते. एकटी गॅस टर्बाइन इंधनातील उष्णतेच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढीच वीज देते. जोडीने हे प्रमाण निम्म्यापर्यंत, आणि नव्या यंत्रांत त्याही पुढे जाते.

ह्या यंत्राचा स्वभाव ध्यानी घेतल्यावाचून त्यासंबंधीच्या कराराचे परीक्षण होऊ शकत नाही. कोळशाच्या केंद्राशी तुलना करता ते लवकर उभे राहते, प्रति मेगावॅट भांडवल कमी मागते आणि मागणीप्रमाणे त्याचे उत्पादन त्वरेने कमी-अधिक करता येते. उलट त्याचे इंधन महाग असून त्याच्या किमती अस्थिर असतात. म्हणून अशा केंद्राच्या करारात दोन प्रश्नांची उत्तरे प्रथम मिळावयास हवीत : इंधन महागले तर भार कोणी सोसावयाचा, आणि मागणी अपेक्षेएवढी वाढली नाही तर कोणी? दाभोळ प्रकल्पावर मराठीत विपुल वाद झाला. परंतु त्यातील बराचसा भाग स्वदेशी-विदेशी आणि हेतूंची शुद्धाशुद्धता ह्यांभोवती फिरत राहिला. यंत्र व करार ह्यांच्या परस्परसंबंधाचा विचार त्या मानाने थोडा झाला.

रत्नागिरी जिल्ह्यातील अंजनवेल परिसरात उभारावयाच्या ह्या केंद्राचा सामंजस्य करार २० जून १९९२ रोजी झाला, आणि ८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ व दाभोळ वीज कंपनी ह्यांच्यामध्ये वीजखरेदी करार झाला. स्पर्धात्मक निविदा मागविण्यात आल्या नव्हत्या. कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के होता. यंत्रे पुरविणारी जनरल इलेक्ट्रिक आणि बांधकाम करणारी बेक्टेल ह्यांचे प्रत्येकी १० टक्के होते. म्हणजे मालक, यंत्र-विक्रेता आणि कंत्राटदार एकाच पंक्तीला बसले होते. अशा रचनेत उभारणीच्या खर्चाची बाजारात जी कसोटी लागते, ती लागण्यास वाव उरला नाही.

मंडळाने द्यावयाच्या मोबदल्याचे दोन भाग होते : क्षमतेपोटी स्थिर आकार आणि इंधनापोटी चल आकार. इंधनाची वाढती किंमत मंडळाकडे जात होती. स्थिर आकाराचा मोठा भाग डॉलरशी निगडित होता. आणि केंद्र उपलब्ध असले की, वीज घेतली वा न घेतली तरी, तो आकार देय होता. त्यापाठीमागे राज्याची हमी व केंद्र सरकारची प्रतिहमी होती. वरील दोन्ही प्रश्नांचे उत्तर करारात एकच होते : खरेदीदाराने.

ह्याचा परिणाम साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. शंभर रुपयांचा स्थिर आकार शंभर युनिटांवर वाटला तर युनिटमागे एक रुपया पडतो. मंडळाने पन्नासच युनिटे उचलली तर दोन रुपये. वीज महाग म्हणून कमी घ्यावी, तर कमी घेतल्यानेच ती अधिक महाग होते. मागणीनुसार वरखाली होण्याची सोय हा ज्या यंत्राचा गुण, ते अखंड चालविण्यास भाग पाडणारा हा करार होता. पायाभूत मागणीसाठी ही वीज घेतल्यास कोळशावरील स्वस्त वीज बाजूस सारावी लागेल, हा आक्षेप जागतिक बँकेने १९९३ मध्येच घेऊन अर्थसाहाय्य नाकारले होते. पुण्याच्या 'प्रयास' ह्या गटानेही १९९५ मध्ये कराराचे तांत्रिक-आर्थिक विश्लेषण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ३ ऑगस्टला नव्या राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला. परंतु पुढे झालेल्या फेरवाटाघाटींत जोखमीची वाटणी मुळापासून बदलली नाही. एकूण क्षमता तर वाढून २,१८४ मेगावॅट ठरली.

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. १९९३ मध्ये सुमारे ३१ रुपयांना मिळणारा डॉलर २००१ च्या प्रारंभी ४६ रुपयांवर गेला होता, आणि नाफ्थाही महागला होता. २८ जानेवारी २००१ रोजी बंद स्थितीतून तीन तासांत पूर्ण क्षमता गाठता आली नाही, म्हणून मंडळाने ४०१ कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा केला. ही घटना कराराच्या परीक्षणात विशेष अर्थपूर्ण आहे. यंत्राच्या ज्या गुणासाठी ते घ्यावयाचे, त्याची आठवण खरेदीदारास झाली ती दंडाच्या कलमात. मे २००१ च्या अखेरीस केंद्र बंद पडले. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉननेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

तथापि सारा दोष परकी भांडवलाच्या माथी मारणे शास्त्रीय ठरणार नाही. २००५ मध्ये हे केंद्र एनटीपीसी व गेल ह्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे आले. मालकी बदलली, पण वायूच्या अभावी २०१३ च्या अखेरीस ते पुन्हा थांबले; २०१५ मध्ये रेल्वेला वीज देण्यासाठी त्याचा काही भाग सुरू झाला. राज्याच्याच उरण केंद्राचा इतिहास येथे ताडून पाहण्याजोगा आहे. तेथे प्रथम गॅस टर्बाइने आली आणि काही वर्षांनी त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर १२० मेगावॅटचे दोन संच बसविण्यात येऊन क्षमता ६७२ मेगावॅट झाली. वायूची टंचाई उरणलाही चुकली नाही. परंतु टप्प्याटप्प्याने झालेल्या उभारणीमुळे एका चुकीच्या अंदाजाचा भार संपूर्ण मंडळास दबवून टाकण्याइतका झाला नाही.

अतएव दाभोळच्या अनुभवाचा निष्कर्ष यंत्राविरुद्ध जात नाही. खासगी वा सार्वजनिक मालकी एवढ्यावरही तो थांबत नाही. जोखीम ज्याच्या आटोक्यात आहे त्यानेच ती वाहावी, ह्या तत्त्वाचा करारात भंग झाला. रुपयाचा दर, तेलाचा भाव आणि राज्याची मागणी ह्यांपैकी एकही गोष्ट मंडळाच्या हाती नव्हती. तिन्हींची किंमत मात्र त्याच्यावर होती. कागलच्या कारखान्यातील टर्बाइन चिपाडे संपली की थांबते, आणि ग्रिडला दिलेल्या युनिटांवरच तिचा मोबदला ठरतो. दाभोळची टर्बाइन थांबली तरी तिचा आकार चालू राहावयाचा होता. मंडळ म्हणजे अखेर त्याचे ग्राहक. कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीतील कारखानदार आणि दूधगंगेकाठचा पंपधारक शेतकरी ह्यांनी तो करार वाचलेला नव्हता, पण त्याखालची सही त्यांच्याच वतीने झालेली होती.