गळा तिचा, लेखणी कुणाची?

१९५९ साली फिल्मफेअरने पार्श्वगायन आणि गीतलेखन यांसाठी पहिल्यांदा पुरस्कार दिले. गायनाचा पहिलाच मान ‘मधुमती’साठी लता मंगेशकरांना मिळाला, तेव्हा गायक-गायिका असे वेगळे विभागही नव्हते. गीतलेखनाचा मान मिळाला शैलेंद्र यांना. या दुसऱ्या यादीत पहिल्या बाईचं नाव यायला २०२२ साल उजाडलं: कौसर मुनीर, ‘८३’साठी. त्याच सोहळ्यात ‘शेरशाह’ला संगीताचा पुरस्कार मिळाला आणि त्याच्या संगीतकारांत जसलीन रॉयल होत्या.

याचा सगळा दोष परीक्षकांच्या माथी मारता येत नाही. त्यांच्यासमोर येतात ती झालेली गाणी, आणि गाणं होतं ते सिटिंगमध्ये. संगीतकार चाल ऐकवतो, दिग्दर्शक प्रसंग सांगतो, गीतकार मीटरवर शब्द बसवतो. या बैठकीत बाईला बोलावणं क्वचितच आलं. गायिका यायची ती गाणं तयार झाल्यावर. उषा खन्ना १९५९ मध्येच ‘दिल देके देखो’मधून संगीतकार म्हणून आल्या, गाजल्या, फिल्मफेअरचं नामांकन मात्र त्यांना ‘सौतन’साठी मिळालं, तेव्हा कारकिर्दीला पाव शतक होत आलं होतं. अमेरिकेतही हीच गत आहे. २०१२ ते २०१७ मधल्या सहाशे लोकप्रिय गाण्यांच्या एका विद्यापीठीय पाहणीत गीतकार-संगीतकारांमध्ये स्त्रिया १२.३ टक्के निघाल्या.

आपल्याकडे ‘मराठा तितुका मेळवावा’मधली आशाबाईंनी गायलेली लावणी आठवून पाहा. शब्द शांता शेळक्यांचे, चाल ‘आनंदघन’ यांची, म्हणजे लताबाईंची. शांताबाईंनीही काही गीतं ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावाने लिहिली. टोपणनावामागची कारणं प्रत्येकीची वेगळी असतील, आणि ती ‘बाई म्हणून’ होती असं मी म्हणणार नाही. पण ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आनंदघन कोण, हे सभागृहातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. सूत्रसंचालकाने उलगडा केला तेव्हा लताबाई प्रेक्षकांतच बसलेल्या होत्या. लोकांनी त्या चाली आधी मनापासून स्वीकारल्या होत्या. त्या कुणाच्या, हे नंतर कळलं.

गीतलेखनाच्या ज्या स्पर्धा प्रवेशिका मागवतात, त्यांना हे मुद्दाम करता येईल. पहिल्या फेरीत नाव झाकावं, आणि नमुना-ध्वनिमुद्रण दुसऱ्या कुणाच्या आवाजात मागवावं, कारण आवाजावरून बाई-पुरुष लगेच कळतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती आकडेवारी. किती प्रवेशिका स्त्रियांच्या आल्या, अंतिम फेरीत किती पोचल्या, परीक्षकांत स्त्रिया किती होत्या, हे निकालाबरोबरच छापावं. प्रवेशिकाच कमी आल्या असतील, तर काम सिटिंगच्या दारापासून सुरू करावं लागेल. त्या भरपूर येऊनही निकालात बायका दिसत नसतील, तर मात्र परीक्षकांनाच जाब विचारायला हवा.