अतिवृद्धांमधील हृदयविकाराचे भाकीत व रक्तातील निर्देशक : लायडन अभ्यासाचे परीक्षण

प्रस्तावना : वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह व धूम्रपान यांवरून हृदयविकाराचा धोका मोजण्याची पद्धत अमेरिकेत १९४८ मध्ये सुरू झालेल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासातून रूढ झाली. ती पंचाऐंशी वर्षांच्या व्यक्तींना लागू पडते काय, हा प्रश्न नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी हाताळला. त्यांचा शोधनिबंध २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला.

परीक्षण : पूर्वी हृदय व रक्तवाहिन्यांचा विकार नसलेल्या ८५ वर्षांच्या ३०२ व्यक्तींचे पाच वर्षे निरीक्षण करण्यात आले. १०८ जण मृत्यू पावले. त्यांपैकी ३५ मृत्यू या विकारांमुळे झाले. त्यांचे भाकीत फ्रॅमिंगहॅम गुणांकनास करता आले नाही. रक्तातील नव्या निर्देशकांमध्ये होमोसिस्टीन सर्वाधिक उपयुक्त ठरले. प्रचलित मोजपट्टीची वयोमर्यादा दाखवून देणे, हे या अभ्यासाचे मोल होय. तथापि होमोसिस्टीनची भेदक्षमता केवळ ०.६५ होती, ०.५ म्हणजे निव्वळ नाणेफेक. शिवाय अवघ्या ३५ मृत्यूंवर आधारलेला निष्कर्ष इतर लोकसमूहांत पडताळल्याखेरीज सार्वत्रिक मानता येत नाही.

निष्कर्ष : भाकीत करणारा घटक रोगाचे कारण असतोच असे नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या होप-२ चाचणीत, ५५ वर्षांवरील रुग्णांमध्ये, फॉलिक आम्ल व ब जीवनसत्त्वांमुळे होमोसिस्टीन घटले. हृदयविकारजन्य मृत्यू मात्र लक्षणीयरीत्या घटले नाहीत. म्हणून अतिवृद्धाच्या तपासणी-अहवालातील वाढलेला आकडा सावधगिरीची सूचना मानावा. तेवढ्यावरून औषधयोजना करणे या पुराव्यास धरून होणार नाही.