सेल्मानंतरचे ‘आपण’

लिंडन जॉन्सन यांना वक्ता म्हणून कुणी नावाजत नसे. बंद खोलीत एखाद्या सिनेटरला कोपऱ्यात गाठून, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, विनवण्या आणि धमक्या एका दमात देत मत पदरात पाडून घ्यावे ते त्यांनीच. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की मात्र त्यांची वाणी जड आणि संथ होई. तरीही १५ मार्च १९६५ च्या रात्री काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनापुढे त्यांनी केलेले मतदान हक्कांचे भाषण अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या उत्तम भाषणांत गणले जाते. गार्थ पॉली या अभ्यासकाने या एकाच भाषणावर अख्खे पुस्तक लिहिले आहे.

राष्ट्राध्यक्ष वंशाविषयी काय बोलतात आणि काय गिळतात, याचा माग काढण्यात अमेरिकी विद्यापीठांतल्या काही प्राध्यापकांची हयात गेली. व्हेनेसा बीझ्ली यांचे ‘यू, द पीपल’ (२००४) हे त्यातले मोलाचे पुस्तक. शपथविधीची आणि वार्षिक भाषणे एकामागून एक वाचत त्या एकच प्रश्न विचारतात : इतक्या नाना वंशांच्या लोकांना ‘तुम्ही एक आहात’ हे राष्ट्राध्यक्ष पटवतात तरी कसे? तर, रक्ताच्या नव्हे, समान श्रद्धांच्या नात्याने. ऐकायला हे उदार वाटते. पण श्रद्धेवर उभ्या राहिलेल्या घरात कुणाची श्रद्धा पुरेशी आहे हे ठरवणाराही कुणीतरी असतोच. जॉन्सन यांचे भाषण वाचताना ही गोष्ट मनात ठेवलेली बरी.

आधीचा आठवडा भयंकर होता. ७ मार्चला अलाबामातल्या सेल्मा गावी, एडमंड पेटस पुलावर, मतदानाचा हक्क मागत निघालेल्या कृष्णवर्णीयांवर राज्य पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. मोर्चाचे एक नेते जॉन लुइस यांची कवटी फुटली. ते दृश्य त्याच रात्री घराघरांत दूरचित्रवाणीवर दिसले. त्यानंतरच्या या भाषणाचा मसुदा जॉन्सन यांचे भाषणलेखक रिचर्ड गुडविन यांनी जेमतेम एका दिवसात लिहिला.

सगळ्यांच्या लक्षात राहते ती जागा भाषणाच्या मध्याच्या आसपास येते. त्यांचा लढा तो आपलाही लढा, असे जॉन्सन म्हणतात. मग किंचित सुधारून घेतात : केवळ निग्रोंनी नव्हे, आपण सगळ्यांनीच द्वेष आणि अन्यायाच्या या पांगळ्या करणाऱ्या वारशावर मात केली पाहिजे. क्षणभर थांबतात आणि नागरी हक्क चळवळीच्या गाण्याचे शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारतात. ‘वुई शॅल ओव्हरकम’. ‘होंगे कामयाब’ म्हणून ते आपल्या शाळांतही पोचले आहे. टाळ्या पडल्या, दक्षिणेतले कितीतरी सदस्य मात्र हात बांधून बसून राहिले. या ‘आपण’मागचा इतिहास त्यांना ठाऊक होता. १९४९ साली याच जॉन्सननी सिनेटमधले पहिले भाषण केले ते ‘आम्ही दक्षिणेकडचे’ अशा सुरुवातीने, आणि ते होते नागरी हक्कांचे कायदे बोलबोलून रोखून धरण्याच्या प्रथेचे समर्थन. तेव्हाचा ‘आम्ही’ कुंपण घालणारा होता. सोळा वर्षांनी तोच माणूस सर्वांत मोठा ‘आपण’ उच्चारतो आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘मी’वर येतो : दक्षिणेच्या मातीत खोल मुळे असलेला माणूस म्हणून वांशिक भावना किती यातना देतात हे मला माहीत आहे. मला ही उतरण टाळीच्या वाक्यापेक्षा अधिक आवडते. एवढा मोठा शब्द उच्चारल्यावर त्याला स्वतःचा जामीन द्यावा लागतो, हे त्यांना कळले होते.

पण भाषणाचे खरे बळ त्याही आधी येते, आणि तेथे एकही भारदस्त शब्द नाही. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या कृष्णवर्णीयाच्या मागे जॉन्सन आपल्याला कचेरीत नेतात. त्याला सांगतात, आज तो दिवस नाही. किंवा वेळ टळली. किंवा साहेब जागेवर नाहीत. एवढे हेलपाटे घालून साहेब भेटलेच, तर अर्जात मधले नाव पूर्ण लिहिले नाही म्हणून नापास. अर्ज नीट भरला तर परीक्षा, आणि पास की नापास हे ठरवणार तोच कारकून. अख्खी राज्यघटना म्हणून दाखव, राज्याच्या कायद्यातले एखादे किचकट कलम समजावून सांग. कॉलेजची पदवीसुद्धा त्याला लिहिता-वाचता येते याचा पुरावा ठरत नाही. शेवटी एकच वाक्य : ही दारे ओलांडायला एकच गोष्ट चालते, गोरी कातडी. यात संताप नाही, विशेषणे नाहीत. आहे ती सरकारी कचेरीची अचूक नक्कल. आयुष्यभर कायदे कसे बनतात आणि कसे बुडवले जातात हे आतून पाहिलेला माणूसच अशी यादी वाचू शकतो.

ही परीक्षा ध्यानात ठेवली की भाषणाच्या शेवटी येणारी आठवण नुसती भावुक राहत नाही. १९२८ साली टेक्सासमधल्या कोटुल्ला गावी, मेक्सिकन मुलांच्या छोट्या शाळेत जॉन्सन मास्तर होते. मुलांना इंग्रजी फारसे येत नसे आणि मला स्पॅनिश, असे ते कबूल करतात. मुले उपाशीपोटी येत. लोक आपल्याला का नाकारतात ते त्यांना कळत नसे, पण नाकारतात हे कळे. काळ्या मतदाराच्या भाषणात ही तपकिरी मुले अवचित येतात. तिकडे अक्षरज्ञानाच्या नावाखाली माणसाला बाहेर ठेवणारा कारकून, इथे अक्षरे शिकवणारा मास्तर. (याच मास्तरांनी शाळेत स्पॅनिश बोलण्यावर कडक बंदी घातली होती, हे भाषणात येत नाही.)

न येणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. सेल्माच्या संघर्षात एक भला माणूस, देवाचा माणूस मारला गेला, असे जॉन्सन सांगतात. ते बॉस्टनचे गोरे धर्मगुरू जेम्स रीब. मात्र ज्याच्या मरणातून त्या मोर्चाची कल्पना निघाली, तो २६ वर्षांचा कृष्णवर्णीय जिमी ली जॅक्सन, पोलिसाच्या गोळीने जखमी होऊन फेब्रुवारीत दगावलेला, सबंध भाषणात कोठेही नाही. तोही चर्चमधला डीकन होता. सर्वांना कवेत घेणारा ‘आपण’ मोजदाद करताना एकावर थांबतो.

उत्तरार्धातला एक परिच्छेद सहसा कुणी उद्धृत करत नाही. तेथे आवाज अचानक वडीलधारा होतो. भाषणस्वातंत्र्य म्हणजे भरल्या थिएटरात ‘आग’ म्हणून ओरडण्याची मुभा नव्हे. सभास्वातंत्र्य म्हणजे सार्वजनिक रस्ते अडवण्याचा हक्क नव्हे. आठ दिवसांपूर्वी ज्यांची डोकी फुटली त्यांनाच रहदारीचा उपदेश! बीझ्ली यांनी दाखवलेला तो श्रद्धेचा दाखला इथे मागितला जातो, तोही ज्याचा लढा आपला म्हणून जाहीर केला त्याच्याकडून.

या परिच्छेदाला उत्तर मिळाले ते माँटगोमेरीच्या न्यायालयातून, दोनच दिवसांनी. १७ मार्चला न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला परवानगी दिली. महामार्गावरून शांततेने चालण्याचा हक्क किती, हे ज्या अन्यायाविरुद्ध चालायचे तो किती मोठा आहे त्यावरून ठरावे, आणि इथला अन्याय प्रचंड आहे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. रस्ता जेथे दुपदरी होता तेवढ्या टप्प्यात तीनशेच माणसांनी चालावे, अशी अट होती. २१ मार्चला लोक सेल्माहून निघाले आणि त्याच पुलावरून पलीकडे गेले.